नाशिक आणि आसपास: निवांत बसून खाता येईल असं मऊ शिजलेलं मटण कुठे?

जेलरोडकर | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, मदत हवी आहे.

या आषाढात आमच्या अण्णांना ७५ पूर्ण होतात. अण्णा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले. पगार झाला की पहिल्या रविवारी सकाळी सातला कापडी पिशवी घेऊन मटणाच्या दुकानात उभे, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. वाटणाचा कांदासुद्धा स्वतः भाजायचे. आई गेल्यापासून ते पातेलं घरात चढलेलं नाही. आता त्यांना विचारलं काय हवं, तर म्हणाले, "कार्यक्रम नको, हार नको. एकदा पोटभर मटण-भाकरी घाला."

माणसं साधारण २२. मुंबईहून काका-काकू, जळगावहून ताई आणि तिच्या घरचे, पुण्याहून भाचा. ताईच्या सासूबाई माळकरी आहेत, त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी लागेल. भाचा म्हणतो मामा, स्टेक खाऊ.

अडचण खरी अण्णांच्या दातांची. कवळी आहे. मागच्या वर्षी महामार्गावरच्या एका मोठ्या ठिकाणी नेलं होतं, नाव लिहीत नाही. बाहेर "चुलीवरचं" म्हणून भली मोठी पाटी, रस्सा दिसायला सुंदर, पण मटण चामड्यासारखं. अण्णा काही बोलले नाहीत. मला दिसलं ते असं, की तोंडातला तुकडा त्यांनी हळूच काढला आणि भाकरीच्या खाली सरकवला. नंतर फक्त रस्सा-भाकरी खाल्ली. तो तुकडा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तर नाशिकपासून १००-११० किलोमीटरपर्यंत कुठेही जायची तयारी आहे. जिना नको, कमोड हवा, आणि उठा-उठा म्हणणारं कोणी नको. नुसती नावं देऊ नका, पाटी तीच राहते आणि आचारी बदलतो. कुठे जावं, कधी जावं, काय विचारावं, ते सांगा.

सिन्नरची सून | सोमवार, रात्री १०.१५

दादा, अण्णांना आधी नमस्कार सांगा.

माहेर माझं ओझरचं, पण १८ वर्षं सिन्नरला नांदते आहे. आमच्या बाजूला या. नाशिकपासून तीसेक किलोमीटर, रस्ता चांगला. सिन्नर, येवला, निफाडचा पूर्वेकडचा भाग, हा सगळा काळ्या मसाल्याचा आणि बाजरीचा पट्टा. हा मसाला म्हणजे नुसतं तिखट नाही. एप्रिल-मेमध्ये धणे, खोबरं, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, शहाजिरे, मसाला वेलची, तमालपत्र असं एकेक वेगळं तेलावर भाजायचं आणि मिरचीबरोबर डंकावर कुटून आणायचं. खोबरं किती काळं करायचं, इथेच घराघराची चव बदलते. थोडं कमी भाजलं तर रस्सा तांबूस राहतो, जास्त झालं तर कडू होतो. माझ्या सासूबाई खोबरं भाजताना बोलत नाहीत, फोनही घेत नाहीत.

आता कामाचं. मोठ्या हॉटेलात जाऊ नका. घरगुती खानावळी शोधा, जिथे घरातलीच बाई शिजवते आणि दिवसाला ठरावीकच मटण होतं. आदल्या दिवशी फोन करून एकच प्रश्न विचारा: "पहिलं पातेलं किती वाजता उतरतं?" जो लगेच "साडेबाराला" म्हणून सांगेल तिथे जा. "कधीही या, तयारच असतं" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. कधीही तयार असलेलं मटण म्हणजे अर्धं शिजवून ठेवलेलं आणि तुम्ही आलात की रश्श्यात उकळून दिलेलं.

माळकरी आजींसाठी पाटवडी रस्सा सांगा. बेसनाच्या वड्या आणि तोच काळा मसाला. पातेलं आणि पळी वेगळी ठेवायला सांगायला विसरू नका, बायका आनंदाने ठेवतात.

घोटीचा पाऊस | सोमवार, रात्री ११.०५

आमचीही बाजू ऐका. घोटी-इगतपुरीकडे आषाढात या. पूर्वेकडे सिन्नर पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेलं असतं, तेव्हा एकाच जिल्ह्यात इगतपुरीला धो धो कोसळत असतो. म्हणूनच आमच्याकडे बाजरी नाही. तांदळाची नाहीतर नागलीची भाकरी, आणि घोटीच्या गिरण्यांतला ताजा तांदूळ.

पण प्रामाणिकपणे सांगतो, आमच्याकडे मटणापेक्षा गावठी कोंबडा खावा. आणि अण्णांसाठी तो उपयोगाचा नाही, कारण गावठी कोंबडा चावायलाच लागतो. शिवाय पावसाळ्यातले रविवार भावली धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांचे. २२ माणसं आणि एक म्हातारा माणूस घेऊन त्या गर्दीत येऊ नका. एखाद्या बुधवारी तुम्ही दोघंच या.

मोसमकाठ | मंगळवार, सकाळी ७.३०

जेलरोडकर भाऊ, मऊ मटण हाच मुद्दा असेल तर मालेगावचा विचार करा. तुमच्या अंतरात बसतं, शंभरच्या आसपास.

आमच्याकडे सकाळची निहारी आणि पाये रात्री चढतात. रात्रभर मंद आचेवर राहिलेली नळी सकाळी बोटानं दाबली तरी मांस सुटतं. आमच्या आजोबांना एकही दात नव्हता. ते शेवटपर्यंत निहारीत नान बुडवून खात होते. खिम्याची सीखही त्यांना जमायची. यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात, त्यामुळे शुक्रवारी गर्दी जास्त, पण त्या दिवशी वासही साऱ्या गल्लीत असतो. खरी मजा घ्यायची तर सकाळी आठच्या आत पोचायला हवं. अकराला आलात तर तळाचं मिळेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आमच्याकडे म्हशीचं मटणही असतं आणि बकऱ्याचंही. तुमच्या घरात जे चालत असेल ते विचारून घ्या, कोणीही चांगला दुकानदार खरं सांगतो. विचारल्याचा राग कुणाला येत नाही.

जेलरोडकर | मंगळवार, सकाळी ८.१०

मोसमकाठ भाऊ, मनापासून आभार. सकाळी आठला २२ जणांना मालेगावला पोचवणं जमणार नाही, पण मी आणि अण्णा दोघं नक्की येऊ. पायांचं नाव काढल्यावर त्यांचे डोळे चमकले.

भट्टीवर उभा | मंगळवार, दुपारी ३.२०

मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात ११ वर्षं काम करतो, त्यातली ४ ग्रिलवर. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण स्टेकबद्दल नाशकात फार गैरसमज आहेत.

महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. त्यामुळे इथे मेनूवर टेंडरलॉइन किंवा अंडरकट (दोन्ही एकच, पाठीच्या आतला मऊ भाग) लिहिलेलं असेल तर ते म्हशीचं-रेड्याचं असायला हवं. ऑर्डर देण्याआधी सरळ विचारा. वाढप्याला माहीत नसेल तर आतून विचारून ये म्हणा.

म्हशीच्या मांसात चरबीचे धागे कमी. परदेशी चित्रांत दिसतो तसा संगमरवरी पोत त्यात येत नाही. म्हणून ते जास्त भाजलं की कोरडं पडतं. मधोमध ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना उतरवलं, पाच-सात मिनिटं ताटलीत राहू दिलं, आणि धाग्याच्या आडवं कापलं तर अंडरकट लोण्यासारखं लागतं. आपल्याकडची गिऱ्हाइकं "पूर्ण शिजवून द्या" म्हणतात आणि मग चिवट झालं म्हणून परत पाठवतात. त्यात आमचा जीव जातो.

मांस शीतपेटीत किती दिवस मुरवलंय हेही विचारा. शून्य ते चार अंशांत दोन-तीन आठवडे ठेवलेल्या मांसात त्यातलेच पाचक रस धागे सैल करतात. चांगल्या स्टेकचा अर्धा स्वयंपाक तिथेच होतो.

भाच्याला गंगापूर धरणाच्या रस्त्यावर न्या. सुला आणि यॉर्क या दोन्ही वायनरी तिकडेच, जवळजवळ. त्यांच्या रेस्टॉरंटचे मेनू बदलत राहतात, तेव्हा फोन करून त्या आठवड्यात ग्रिलवर काय आहे ते विचारा. सोबत नाशिकचीच शिराझ, म्हणजे लाल वाइन, घ्या. या भागातल्या द्राक्षांना आणि नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन आहे. भाजलेल्या मांसाबरोबर शिराझ जितकी जमते तितकी काळ्या मसाल्याबरोबर जमत नाही. तिखटावर ती तुरट होते. रश्श्याबरोबर वाइन घ्यायचीच असेल तर थंड, थोडी गोडसर शेनिन ब्लां घ्या.

फरा सीना चाप | मंगळवार, रात्री ९.००

उशिरा लिहितो आहे, बँकेत महिनाअखेर आहे. पण हा धागा वाचल्यावर राहवेना.

आमचं खाटकाचं दुकान होतं, आजोबांपासून. वडिलांच्या हाताखाली मी बारावीपर्यंत उभा राहिलो आहे. अण्णांच्या तोंडातला तो तुकडा चिवट का झाला असेल ते मी सांगतो. बहुतेक वेळा दोष आचाऱ्याचा नसतोच, तो दुकानातून येतो.

पहिली गोष्ट बोकडाचं वय. वडील आधी ओठ उचलून दात बघायचे. दुधाचे दात असतील तर कोवळा, दोन मोठे दात आले म्हणजे साधारण वर्ष-सव्वा वर्षाच्या पुढचा. दोन दाती चालतो. चार दाती बोकड रश्श्याला चव देतो, पण कवळीवाल्या माणसाच्या ताटात त्याचा तुकडा जाऊ देऊ नये. अंगावर ८ ते १० किलो मटण निघेल एवढाच घ्यावा. खच्ची केलेला असेल तर उत्तम, त्याला उग्र वास येत नाही आणि चरबी सगळीकडे सारखी पसरते. आपल्याकडे संगमनेरी आणि उस्मानाबादी दोन्ही जातींची जनावरं येतात. माझं मत विचाराल तर उस्मानाबादी.

दुसरी गोष्ट, दुकानात टांगलेल्या धडाला शेपूट ठेवलेली असते, ती उगाच नाही. बोकडाची शेपूट आखूड आणि वर वळलेली, मेंढ्याची लांब आणि खाली लोंबणारी. मेंढ्याचं मटण वाईट नसतं, धनगरवाड्यावर त्याच्यासारखं काही नाही. पण बोकडाच्या भावात ते घेऊ नये. धडावर महापालिकेचा शिक्काही बघावा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. बोकड कापल्यावर पहिले तास-दोन तास मांस सैल असतं. मग ते आखडत जातं. ते आखडणं सुटायला थंडाव्यात अख्खी रात्र लागते. म्हणून कंदुरीचं, म्हणजे नवसाच्या जेवणाचं, मटण इतकं मऊ लागतं, जागच्या जागी कापून तासाभरात पातेल्यात गेलेलं असतं. आणि दुसरं टोक म्हणजे आदल्या रात्री कापून फ्रिजमध्ये ठेवलेलं. मधल्या वेळेत, म्हणजे सकाळी कापलेलं दुपारी आणून चढवलं, तर ते कितीही शिजवा, धागा दातात अडकतो. वर भट्टीवर उभा यांनी मांस मुरवण्याचं लिहिलं आहे, तीच ही गोष्ट, आपल्या जनावराला वेळ कमी लागतो एवढंच.

चौथी गोष्ट, भाग. सगळे रान मागतात, म्हणजे मागची मांडी. दिसायला भरीव, पण तीच सगळ्यात आधी कोरडी पडते. अण्णांसाठी सीना (छाती), गर्दन (मान) आणि चाप (बरगड्या) घ्या. सीन्याला पडदे आणि चरबी असते, ते दीड-दोन तासांत विरघळून मांस रसाळ होतं. पुढच्या पायाची नळी वेगळी काढून ठेवायला सांगा. थोडी कलेजी शेवटच्या दहा मिनिटांत टाका, आधी टाकली की रबर होते.

अंदाज म्हणाल तर किलोला चार माणसं. तुमच्यात लहान मुलं आणि माळकरी आजी धरून ५ किलो पुरे.

निफाडचा मळा | मंगळवार, रात्री ९.४५

फरा सीना चाप यांच्या प्रतिसादाला मनापासून दाद. मी ५० वर्षं मटण खातो आहे, आखडण्याचं कारण आज कळलं. आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणायची, "मटण एकतर गरम घ्यावं नाहीतर शिळं घ्यावं." ते का म्हणायची ते आज समजलं.

बागलाणी | बुधवार, सकाळी ६.५५

राम राम. बागलाणमा या एकदाव, मंग सांगा!

सटाण्याकडे हॉटेल शोधू नका, आमच्या कसमादेत (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) चांगलं मटण हॉटेलात मिळतच नाही. ते मळ्यात मिळतं. आखाडात दर रविवारी कुठे ना कुठे म्हसोबाचा नाहीतर मरीआईचा कार्यक्रम असतो. पुरुषच शिजवतात. आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण स्वतःच्या पाण्यात सुटू देतात. पातेल्यावर परात ठेवून तिच्यात पाणी ओततात. खालच्या वाफेनं ते पाणी गरम होतं आणि रश्श्याला लागेल तसं तेच आत टाकतात. थंड पाणी आत जाऊ द्यायचं नाही, हा पहिला नियम. मसाला पडण्याआधी जे अळणी पाणी निघतं ते आजाऱ्या-म्हाताऱ्यांना आणि पोरांना वाटीतून देतात. तुमच्या अण्णांना ते आधी द्या, भूक उघडते.

चुलीचं म्हणाल तर बाभळीचं लाकूड. भडका नाही, निखारा टिकतो. झाकलेल्या पातेल्यात धुराचा वास कितीसा जाणार? चुलीचा खरा फायदा म्हणजे आच हळूहळू आपोआप उतरत जाते. ते गॅसवरही जमतं, फक्त माणसाला तिथून हलता येत नाही.

माझ्या मळ्यात या असं बोलावलं असतं, पण सटाणा तुम्हाला नव्वद किलोमीटर. अण्णांना दोन-अडीच तास गाडीत बसवू नका.

जेलरोडकर | बुधवार, रात्री १०.३०

वाचून भारावून गेलो आहे. सगळे प्रतिसाद अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवले. दाताचं आणि शेपटीचं त्यांना ठाऊक होतं, "आखडण्याचं कोणी सांगितलं नव्हतं" म्हणाले.

सिन्नर ठरवतो आहे. अंतर कमी आणि बाजरीची भाकरी, जी त्यांना हवीच. सिन्नरच्या सूनबाई, दोन प्रश्न. मटण आपण आणून दिलं तर खानावळवाले शिजवून देतात का? आणि तिखट कमी करून मिळेल का?

सिन्नरची सून | बुधवार, रात्री १०.५०

शिजवून देतात, घरगुती खानावळीत सर्रास. शिजवणावळ घेतात, भाकरी-भाताचे वेगळे. तुमच्या समोर तोलून घेतील, त्यात अपमान मानू नका, दोघांच्याही भल्याचं आहे. तिखट कमी करा म्हटलं तर "हो" म्हणतील आणि हात नेहमीसारखाच पडेल. त्यापेक्षा अर्ध्या मटणाचं सुकं आणि थोडं अळणी बाजूला काढून ठेवायला सांगा.

खानावळीचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. बसायला पडवी आहे, पायरी एकच. कमोड आहे, मी आज मुद्दाम जाऊन बघून आले.

फरा सीना चाप | बुधवार, रात्री ११.१५

जेलरोडकर, शनिवारी संध्याकाळी मी मोकळा आहे. आमच्या ओळखीच्या दुकानात तुमच्याबरोबर येतो, दात बघून बोकड ठरवू. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, तुकडे सकाळी करा. अण्णांना यायचं असेल तर त्यांनाही आणा.

जेलरोडकर | (बारा दिवसांनी) सोमवार, रात्री ८.२०

ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना हकिकत सांगायची राहिली होती.

शनिवारी अण्णा दुकानात आले. जुनी कापडी पिशवी घेऊन आले, मी नको म्हणत होतो. फरा सीना चाप दादांनी बोकडाचा ओठ उचलला तसे अण्णाही वाकले, दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. सीना आणि चाप जास्त, रान कमी, नळ्या वेगळ्या. दुकानदार म्हणाला, "काका, असं मागणारी गिऱ्हाइकं आता राहिली नाहीत."

रविवारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं असं नाही. सिन्नरच्या अलीकडे पाऊस लागला, मुंबईची गाडी पाऊण तास मागे. खानावळीत वीज गेलेली. पातेलं साडेबाराचं ठरलं होतं, ते दीडला उतरलं. तिखट सूनबाईंनी सांगितलं तसंच पडलं, पोरांनी अळणी आणि भातावर भागवलं. काकूंना ठसका लागला. ताईच्या सासूबाईंनी मात्र पाटवडीचा रस्सा दोनदा घेतला आणि मसाल्याची कृती लिहून नेली.

अण्णांना आधी वाटीभर अळणी दिलं. मग भाकरी आली, तव्यावरून थेट, वरचा पापुद्रा अजून फुगलेला. त्यांनी ती ताटात चुरली, वर रस्सा ओतला आणि सीन्याचा तुकडा अंगठ्यानं दाबून बघितला. हाड बाजूला झालं. मग जेवायला लागले आणि बराच वेळ कुणाशी बोलले नाहीत. दोन नळ्या ताटावर आपटून खाल्ल्या. भाकरीच्या खाली काही सरकवलं नाही, मी बघत होतो.

जेवण झाल्यावर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. शिजवणाऱ्या मावशींना विचारलं, कांदा चुलीत भाजला का तव्यावर? त्या म्हणाल्या, निखाऱ्यात, सालीसकट. अण्णा म्हणाले, "मीही तसाच भाजायचो." मग दोघं कांद्यावर दहा मिनिटं बोलत होते. आई गेल्यापासून मी त्यांना स्वयंपाकाबद्दल बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

भाच्याला सोमवारी गंगापूर रोडला नेलं. टेंडरलॉइन म्हशीचं आहे हे विचारून घेतलं, मधोमध गुलाबी असतानाच उतरवायला सांगितलं. भट्टीवर उभा यांचं म्हणणं खरं निघालं, धाग्याच्या आडवा कापलेला तुकडा खरोखर मऊ होता. अण्णांनाही एक दिला. खाऊन म्हणाले चांगलं आहे, पण याला भाकरी हवी होती.

येत्या रविवारी घरातच करायचं म्हणतात. पातेलं माळ्यावरून काढून चिंचेनं घासून ठेवलं आहे. भाकऱ्या मात्र आमच्या घरात कुणालाच नीट येत नाहीत. आठ माणसांना बाजरीचं पीठ किती आणू?

मोसमकाठ | सोमवार, रात्री ८.४५

वाचून फार बरं वाटलं. पायांचं आमंत्रण पक्कं आहे, शुक्रवार सोडून कधीही या, निवांत बोलता येईल. सकाळी आठच्या आत.

सिन्नरची सून | सोमवार, रात्री ९.१०

किलोला आठ-नऊ भाकऱ्या धरा, म्हणजे दोन किलो आणा. गिरणीतून शनिवारीच दळून घ्या, जुनं पॅकेट नको. बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं आणि शिळं पीठ थापताना चिरतं. मळायला कोमट पाणी घ्या, एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा. रविवारी साडेअकराला मला व्हिडिओ कॉल करा, पहिली थापेपर्यंत मी समोर बसते.